अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी

दहावीचा निकाल लागला, की अमरावतीत आमच्या घराच्या ओट्यावर चपला-जोड्यांची संख्या वाढते. गावाकडची मंडळी येतात. कोणी दर्यापूरकडून, कोणी अंजनगावहून, कोणी मूर्तिजापूरची पहिली बस धरून. चहा होतो, पावसापाण्याचे आणि सरकीच्या भावाचे बोलणे होते, आणि मग मुलाच्या वडिलांच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद निघतो. निकालाची ती प्रत असते. "प्रोफेसरसाहेब, पोराले ब्याऐंशी टक्के पडले. आता सायन्सच ना?"

श्रोतेहो, या 'ना'कडे जरा लक्ष द्यावे. हा प्रश्न नव्हे. निर्णय गावाहून निघतानाच झालेला असतो. माझ्याकडे येतात ते शिक्का मारून घ्यायला. ज्याच्याविषयी हे चाललेले असते, तो मुलगा दाराशी मोबाइलवर बोट फिरवीत बसलेला असतो. त्याला कोणी काही विचारलेले नसते, आणि विचारले तरी तो बिचारा काय सांगणार? पंधरा-सोळा वर्षांच्या आयुष्यात त्याने जवळून पाहिलेली कामे किती? वडिलांची शेती, शाळेतले मास्तर, तलाठी, तालुक्याचा डॉक्टर, एस.टी.चा कंडक्टर. यापलीकडे जगात माणसे कशाकशावर पोट भरतात, हे त्याला कोणी दाखवलेलेच नाही.

मग शाखा ठरते कशावर, तर टक्क्यांवर. आपल्याकडे शाखांची एक उतरंड रचून ठेवलेली आहे. वरचे मडके विज्ञानाचे, मधले वाणिज्याचे आणि सर्वांत खाली कलेचे. ज्याला जितके टक्के, त्याला त्या मडक्यात टाकायचे. मी स्वतः एम.ए. आहे, तेव्हा या उतरंडीत आपण कुठे बसतो हे मला पक्के ठाऊक आहे! पण विनोद बाजूला ठेवू. टक्के एवढेच सांगतात, की मुलाने मार्चमध्ये पेपर कसे लिहिले. पुढे त्याला कोणते काम करायचे आहे आणि त्या कामाच्या दाराशी कोणते विषय मागतात, हे टक्के सांगत नाहीत. आणि अर्जावर जो विषय आज आपण खोडतो, तो दोन वर्षांनी दारावर आडवा येतो.

एक हकीकत सांगतो. सात-आठ वर्षे झाली असतील. आमच्या महाविद्यालयात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला एक मुलगी होती, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या एका खेड्यातली. हुशार, अक्षर मोत्यासारखे, दहावीला ऐंशीच्या घरात टक्के. गावापासून सायकलने जाता येईल अशा अंतरावर एकच कनिष्ठ महाविद्यालय, आणि तिथे फक्त कला शाखा. घरच्यांनी तिथे नाव घातले. त्यात त्यांची चूक म्हणावी असे काही नव्हते. रोज अंधार पडल्यावर परतणाऱ्या बसने मुलीला पाठवायला बापाचे मन धजले नाही. या मुलीची आजी पूर्वी महिनाभर इर्विन दवाखान्यात होती. तिच्या उशाशी बसून मुलीने तिथल्या परिचारिकांचे काम पाहिले होते, आणि आपणही हेच करायचे असे मनाशी धरले होते. हे तिने कोणाला सांगितले नव्हते. बी.ए.चे वर्ष सुरू झाल्यावर एके दिवशी ती बी.एस्सी. नर्सिंगची माहिती छापलेला कागद घेऊन माझ्याकडे आली. मी वाचला. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी आवश्यक. चारांपैकी तिच्याकडे एकच होते.

"सर, मले कोणी सांगतलंच नाही," ती म्हणाली.

खरे सांगायचे तर त्या दिवशी मलाही पुढचे काही माहीत नव्हते. पंधरा वर्षे शिकवून मला ठाऊक होते ते एम.ए., बी.एड. आणि स्पर्धा परीक्षा. मी नागपूरला एका स्नेह्याला फोन केला, तेव्हा समजले की जी.एन.एम. हा तीन वर्षांचा परिचारिका पदविका अभ्यासक्रम कला शाखेच्या मुलींनाही खुला असतो, आणि तो पुरा केल्यावर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करता येते. मुलगी त्या वाटेने गेली. चार वर्षांत जे व्हायचे, त्याला बी.ए.चे वाया गेलेले वर्ष धरून सहा लागली. मधल्या काळात बापाने गोऱ्ह्यांची जोडी विकली. आज ती एका रुग्णालयात पगारावर आहे, दिवाळीला फोन करते. तिचे बरे झाले. परंतु दोन वर्षे आणि एक बैलजोडी गेली, ती केवळ एका कागदावरच्या चार ओळी वेळेवर न वाचल्यामुळे. त्या ओळी कोणीही वाचून दाखवू शकला असता. मी सुद्धा.

तेव्हापासून येणाऱ्या पालकांना मी एक उलटी रीत सांगतो. अकरावीपासून पुढे पाहू नका, पुढून मागे या. मुलाला ज्या तीन-चार गोष्टी कराव्याशा वाटतात, त्यांची प्रवेशाची पात्रता आधी वाचा आणि मग अकरावीचे विषय ठरवा. हे काम निकालानंतरच्या आठवड्यात होत नाही. नववीच्या सुट्टीत करावे. निदान दहावीची परीक्षा आणि निकाल यांच्यामधला जो मोकळा काळ असतो, त्यात तरी करावे.

आता विषयांचे थोडे खुलासेवार सांगतो, कारण घोळ इथेच होतो. आपल्या राज्यात अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत सध्या इंग्रजी सक्तीची आहे. गणित सक्तीचे नाही आणि जीवशास्त्रही नाही. पुष्कळ मुले 'टक्के वाढतील' म्हणून गणित सोडतात. एन.डी.ए.त जाऊन विमान चालवायचे असे लहानपणापासून म्हणणारा माझ्या शेजारचा मुलगा, त्याने मित्राबरोबर गणित सोडून जीवशास्त्र ठेवले. एन.डी.ए.च्या भूदल शाखेला बारावी कोणत्याही शाखेची चालते, परंतु नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. हे त्याला बारावीत कळले. अभियांत्रिकीला भौतिकशास्त्र आणि गणित हवेच. आर्किटेक्चरलाही गणित लागते. याउलट वैद्यकीय, दंतवैद्यक, आयुर्वेद आणि पशुवैद्यक यांचा दरवाजा जीवशास्त्रावाचून उघडत नाही, आणि त्या सर्वांना 'नीट' परीक्षा आहे. फार्मसी आणि बी.एस्सी. कृषी यांना गणित किंवा जीवशास्त्र, दोहोंपैकी एक चालते. ज्याचे अजून काहीच ठरलेले नाही आणि ज्याला अभ्यास झेपतो, त्याने दोन्ही ठेवावे. ओझे वाढते हे खरे, पण एकही दार बंद होत नाही. मात्र झेपत नसताना दोन्ही घेऊन दोन्हीत जेमतेम राहण्यात अर्थ नाही; तिथे मुलाचे मन कुठे आहे ते पाहून एक निवडावे.

दुसरा गैरसमज असा, की विज्ञान घेतले नाही तर सगळेच संपले. वकिलीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर घेता येतो. सी.ए. व्हायला वाणिज्य शाखा सुद्धा सक्तीची नाही. फाउंडेशनची नोंदणी तर दहावीनंतर करता येते, परीक्षा बारावीनंतर. संगणक म्हणजे विज्ञानच, असे समजणाऱ्यांनी बी.सी.ए.ची पात्रता वाचावी. तो अभ्यासक्रम कला-वाणिज्याच्या मुलांनाही खुला आहे, फक्त २०२४ पासून त्याला राज्याची प्रवेश परीक्षा आली आहे. तहसीलदार, उपजिल्हाधिकारी, बँकेचा अधिकारी, यांना पदवी लागते, अमुक शाखेची असे बंधन नाही. आणि कला शाखेतही गणित घेता येते, ही गोष्ट तर कित्येक शिक्षकांनाही ठाऊक नसते. जवळच्या महाविद्यालयात तो विषय शिकवतात की नाही, एवढे मात्र विचारून घ्यावे.

ही तीन खात्यांची वाटणी काही देवाने केलेली नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशी शाळा सुचवल्या होत्या. त्यात सात गट होते. शेती होती, तांत्रिक शिक्षण होते, ललितकला आणि गृहविज्ञानही होते. पण मुलाने नववीतच गट निवडायचा होता. कोठारी आयोगाने (१९६४-६६) म्हटले, एवढी घाई नको, पहिली दहा वर्षे सर्वांना समान शिक्षण द्या. त्यातून दहावी-बारावीचा आकृतिबंध आला. आपल्या राज्यात नव्या दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली आणि जुनी अकरावीची मॅट्रिक हळूहळू आठवणीत गेली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर शाखाशाखांमधल्या भिंती पाडाव्यात असेच म्हटले आहे. धोरण चांगले आहे. पण मूर्तिजापूरच्या मुलाच्या हाती जो अर्ज पडतो, त्यावर अजून कला, वाणिज्य, विज्ञान ही तीनच मोठी खाती दिसतात, आणि भिंत पडेपर्यंत दार कुठे आहे हे पाहून ठेवणे भाग आहे.

या उतरंडीवर आपल्याच मातीतले एक उत्तर आहे. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी १८९८ साली जन्मलेले पंजाबराव देशमुख शिक्षणासाठी पुण्याला गेले, कारण तेव्हा वऱ्हाडात कॉलेजच नव्हते. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज निघाले ते १९२३ मध्ये. पुण्याहून ते विलायतेला गेले. तिथे बॅरिस्टर झाले आणि डॉक्टरेट मिळवली ती वेदवाङ्मयातील धर्म या विषयावर. म्हणजे आजच्या हिशेबाने अगदी तळचे मडके! हाच गृहस्थ १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे देशाचा कृषिमंत्री होता, आणि अकोल्याला १९६९ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आज त्यांचेच नाव लावते.

असो. उतरंडीत ज्यांना जागाच दिलेली नाही, अशा दोन वाटांविषयी आता बोलायला हवे: तंत्रनिकेतन आणि आय.टी.आय. आमच्याकडे येणारे पालक यांचे नाव काढले की चेहरा पाडतात. 'पोरगा नापास झाला काय, म्हणून आय.टी.आय. सांगता?' असा तो चेहरा असतो. वस्तुस्थिती अशी आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका मिळते. ती घेतलेल्या मुलाला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, आणि तो पदविकेच्या गुणांवर, त्यासाठी सी.ई.टी. द्यावी लागत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आय.टी.आय. केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. म्हणजे फिटर किंवा इलेक्ट्रिशियन म्हणून सुरुवात केलेला मुलगा, मनात आणले तर, पायरीपायरीने इंजिनिअर होऊ शकतो. आणि मध्येच घरची अडचण आली तर ज्या पायरीवर आहे तिथून कामाला लागू शकतो. बारावी विज्ञान करून 'सी.ई.टी.'त अडकलेल्याच्या हाती असे काही नसते. अमरावतीचे शासकीय तंत्रनिकेतन १९५५ पासूनचे आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चे; अकोल्यालाही शासकीय तंत्रनिकेतन आहे. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, तिथे यंत्र दुरुस्त करणारा हात लागतोच.

एक व्यवहाराची गोष्ट. अकरावीचे, तंत्रनिकेतनाचे आणि आय.टी.आय.चे अर्ज वेगवेगळे असतात. एक भरला म्हणून दुसरा भरता येत नाही, असे नाही. मनात शंका असेल तर दोन-तीन ठिकाणी भरून ठेवावेत. अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश पूर्वी अमरावती महानगरपालिका क्षेत्रात होता, अकोल्यात नव्हता. २०२५-२६ पासून तो सर्व राज्यात लागू झाला. आता खेड्यातल्या मुलालाही पसंतीक्रम भरावा लागतो. तो सायबर कॅफेवाल्याच्या हाती सोपवू नये. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर ते घ्यावे लागते, नाही तर नियमित फेऱ्यांतून आपण बाहेर पडतो. तेव्हा पहिल्या क्रमांकावर तेच लिहावे, जिथे रोज जाणे-येणे आणि राहणे खरोखर जमणार आहे.

आता अकोल्याविषयी. बुलढाणा-वाशिमकडची शेकडो मुले दहावीनंतर अकोल्याला खोली करून किंवा वसतिगृहात राहतात, ती क्लासेससाठी. पुष्कळांचे नाव असते एका गावच्या महाविद्यालयात आणि मुलगा असतो दुसऱ्या गावच्या क्लासमध्ये. मी क्लासेसच्या विरुद्ध नाही. त्यांतून शेतकऱ्यांची मुले डॉक्टर झालेली मी पाहिली आहेत. शिवाय यवतमाळ आणि अकोल्यापाठोपाठ २०२४ मध्ये अमरावती, बुलढाणा आणि वाशिम इथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाली, त्यामुळे वऱ्हाडच्या पाचही जिल्ह्यांत आता तशी सोय आहे. परंतु पंधरा वर्षांचे पोर प्रथमच घराबाहेर पडते, मेसचे जेवते, रोज परीक्षेत आपला क्रमांक पाहते आणि फोनवर आईला 'बरा हाय' एवढेच सांगते. पैसे भरण्याआधी त्याला एकदा विचारा, की तुला डॉक्टर व्हायचे आहे, की आम्हाला तुला डॉक्टर करायचे आहे? दोन वर्षांचे शुल्क एकदम भरू नका, हप्ता मागा. दर महिन्याला स्वतः जाऊन त्याच्या खोलीवर एक रात्र राहा. आणि अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष, ही समजूत सोडा. राज्याच्या सी.ई.टी.त पाचवा हिस्सा प्रश्न अकरावीवर असतात. नीट आणि जे.ई.ई.ला तर दोन्ही वर्षे लागतात. अभियांत्रिकीला बारावीत संबंधित विषयांत ४५ टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात, हेही विसरू नये. नुसती सी.ई.टी. घोकून बारावीत घसरलेली मुले दरवर्षी भेटतात.

तयारी लवकर करावी असे मी म्हणतो, त्याचा अर्थ आठवीपासून क्लास लावावा असा नव्हे. आठवीत एन.एम.एम.एस. ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या, पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पुस्तके, बसचा पास आणि गणवेश त्यात निघतो. तरी अनेक खेड्यांत हा अर्जच भरला जात नाही.

कागदपत्रांचेही तसेच. जातीचा दाखला, अधिवास, उत्पन्नाचा दाखला हे निकाल लागल्यावर मागायला गेले की तहसीलसमोर झाडाखाली दिवस काढावे लागतात. जात वैधता प्रमाणपत्रासाठी विज्ञानाच्या मुलांनी अकरावी-बारावीतच महाविद्यालयामार्फत अर्ज करावा. प्रवेशाच्या ऐन घाईत ते हाती नसल्यामुळे मिळालेली जागा सोडावी लागते. व्यावसायिक अभ्यासक्रमाला घराबाहेर राहणाऱ्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आणि मुलींच्या बापांनी हे नीट ऐकावे: २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. 'पोरीच्या शिक्षणाले पैसा कुठून आणू' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी एवढी चौकशी करावी.

आरंभी सांगितलेल्या त्या ब्याऐंशी टक्केवाल्याचे काय झाले, ते सांगायचे राहिले. मी त्याला विचारले, सुट्टीत काय केलेस? तो बराच वेळ बोलेना. मग वडीलच म्हणाले, "कायचं काय, दर्यापूरले मोटार भरायच्या दुकानावर जाऊन बसते दिवसभर." यावर पोराने मोबाइल खाली ठेवला. शेतातल्या पंपाची जळलेली मोटार उकलून, तांब्याच्या तारेचे वेढे मोजून ती पुन्हा कशी भरतात, हे त्याने मला पंधरा मिनिटे सांगितले. मला त्यातले निम्मे कळले. वडील त्याच्याकडे पाहत राहिले; एवढे सलग बोललेले त्यांनीही ऐकले नसावे. आम्ही अकरावी विज्ञानाचा अर्ज भरला, गणित ठेवून. आणि तंत्रनिकेतनाचाही, विद्युत अभियांत्रिकी पहिल्या पसंतीला.

"पण मंग इंजिनिअर व्हईन ना तो?" वडिलांनी पायरीवर जोडा घालता घालता विचारले. मी पुन्हा सगळे समजावून सांगितले: तीन वर्षे पदविका, मग थेट दुसरे वर्ष. पाचची बस गाठायची होती. मुलगा फाटकापर्यंत गेला आणि परत आला.

"सर, डिप्लोम्याले गणित असते काय?"

"असते. पहिल्याच सत्रात."

"मंग जमते," तो म्हणाला आणि बसच्या दिशेने पळाला.